शेतातल्या अन् दुकानातल्या कॅमेऱ्यांना एआय लावताना ट्रिगर आणि वेळापत्रक कसं बसवायचं

आमचं शेत परभणी जिल्ह्यात, जिंतूर रोडपासून थोडं आत. आखाड्यावर (शेतातल्या घर-गोठ्याच्या जागेवर) चार कॅमेरे आहेत आणि गावात कृषी सेवा केंद्राच्या दुकानाला दोन. दोन वर्षांखाली सोयाबीन काढून गंज (ढीग) लावलेली होती, त्याच टायमाला विहिरीवरच्या मोटरची केबल रात्रीतून कापून नेली. सकाळी फुटेज काढलं तर सगळं स्वच्छ दिसतंय, दोन माणसं, तोंडाला रुमाल, बांधावरून येतात, केबल गुंडाळतात आणि आल्या वाटेनं जातात. मोबाईलवर अलर्टपण आलेला होता, 2 वाजून 17 मिनिटांनी. पण त्याच्या आधी त्या एका रात्रीत साठ-सत्तर अलर्ट येऊन गेले होते, पाखरांचे, कुत्र्याचे, लिंबाच्या फांदीचे, म्हणून मी बाराच्या सुमाराला फोन सायलेंट करून झोपलो होतो. वडील एवढंच म्हणाले, "मंग कामून लावलेत ते कॅमेरे?"

तवापासून मी या गोष्टीच्या मागं लागलो. कॅमेरा भारीतला होता, रेकॉर्डिंग चालू होतं, एआयनं माणूस ओळखलाही होता, चुकलं होतं ते फक्त अलर्ट कशाचा, कुठला (म्हणजे ट्रिगर), कधी (म्हणजे वेळापत्रक) आणि कोणाला द्यायचा हे न ठरवल्यामुळं. लोक पंधरा-वीस हजार रुपये कॅमेऱ्याला घालतात आणि या भागाला अर्धा तासपण देत नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझ्याकडं कॅमेऱ्याच्या चित्रातली माणसं-गाड्या ओळखणारं फ्रिगेट नावाचं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे आणि त्याच्या जोडीला होम असिस्टंट (घरातली उपकरणं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर), त्यामुळं उदाहरणं त्यातली येतील. तुमच्याकडं तयार एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) असेल तरी विचार हाच आहे, फक्त बटणं वेगळ्या जागी असतात, त्याचंपण पुढं सांगतो.

आधी आत काय घडतं ते समजून घ्या

कॅमेऱ्याचं चित्र येतं. त्यात काही हललं का हे आधी बघितलं जातं, हे अगदी साधं काम आहे, आधीच्या आणि आत्ताच्या फ्रेममधला (व्हिडिओतल्या एकेका चित्रातला) फरक मोजायचा. हललं असेल तरच तेवढा तुकडा कापून एआयकडं जातो आणि एआय सांगतो की हा माणूस आहे, कुत्रा आहे का गाडी आहे, आणि किती खात्रीनं आहे. मग तुमचे नियम लागतात: ही वस्तू कुठल्या भागात होती, किती वेळ थांबली, किती मोठी होती. आणि सगळ्यात शेवटी वेळापत्रक: या घडीला या गोष्टीवर कोणाला उठवायचं का.

म्हणजे चार चाळण्या झाल्या. बहुतेक जण पहिल्या चाळणीलाच सगळा जोर लावतात, मोशन सेन्सिटिव्हिटी कमी कर, अजून कमी कर, असं करत करत शेवटी खरा माणूससुद्धा सुटतो. पहिली चाळणी जरा ढिलीच ठेवायची असते, दुसरी मध्यम, आणि तिसरी-चौथी घट्ट.

आणि एक नियम मी आता कुणालाही सांगताना सगळ्यात आधी सांगतो: वेळापत्रक फक्त अलर्टला लावायचं, रेकॉर्डिंगला आणि ओळखण्याला नाही. डिस्क वाचवायला लोक दिवसा रेकॉर्डिंग बंद ठेवतात, आणि चोर आधी दिवसाच पाहणी करून गेलेला असतो, पाणी मागायला आलेला असतो, ते फुटेजच हाती राहत नाही.

वही घ्या, आठ दिवस फक्त लिहा

हे काम कंटाळवाणं आहे पण हे केल्याशिवाय पुढं जाऊ नका. प्रत्येक कॅमेऱ्यासमोर कोण कोण, कधी कधी येतं हे एका पानावर लिहायचं. माझ्या गेटच्या कॅमेऱ्याचं पान असं होतं: पहाटे साडेपाचला दूधवाला, सहा ते सात बाजूच्या शेताकडं जाणारी माणसं (रस्ता आमच्या गेटसमोरूनच आहे), सातला गडी येतो, दुपारी शेळ्यांचा कळप, संध्याकाळी पुन्हा सगळी वर्दळ उलटी, रात्री अकरानंतर कुत्री सोडली तर कुणीच नाही. विहिरीच्या कॅमेऱ्याचं पान बघितलं तर दिवसा आम्ही स्वतः सारखे स्टार्टरपाशी, आणि ज्या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाईट रात्रीची असते त्या आठवड्यात रात्रीसुद्धा आम्हीच.

आता त्या पानावर प्रत्येक ओळीपुढं तीनपैकी एक शेरा मारा. झोपेतून उठवा. नुसता मेसेज टाका. काहीच करू नका, रेकॉर्ड पुरे. माझ्या सगळ्या कॅमेऱ्यांच्या सगळ्या पानांवर मिळून पहिला शेरा फक्त चार ओळींना बसला. चारच. बाकी सगळा गोंगाट होता जो मी वर्षभर फोनवर घेत बसलो होतो.

कॅमेऱ्याच्या आतल्या सेटिंग

एआयला मोठं 4 मेगापिक्सेलचं चित्र द्यायची गरज नसते. बहुतेक आयपी कॅमेऱ्यांत मेन स्ट्रीम (मोठं चित्र) आणि सब स्ट्रीम (लहान चित्र) असे दोन असतात, रेकॉर्डिंगला मेन द्या आणि ओळखायला सब, सेकंदाला 5 फ्रेम पुष्कळ होतात, फ्रिगेटचा डिफॉल्टपण (आधीपासून बसवलेला आकडा) 5 च आहे. पण सब स्ट्रीम इतका बारीक ठेवू नका की विहिरीवरचा माणूस मुंगीएवढा दिसेल. बघून जर तुम्हालाच कळत नसेल की तो माणूस आहे का खांब, तर एआयला कुठून कळणार. तिथं एकतर सब स्ट्रीमचं रिझोल्यूशन वाढवा नाहीतर कॅमेरा जवळ आणा, सॉफ्टवेअरनं ते अंतर भरून निघत नाही.

घड्याळाचं बघा. सगळं वेळापत्रक घड्याळावर उभं आहे आणि आपल्याकडं लाईट जाऊन येऊन कॅमेऱ्याचं नाहीतर एनव्हीआरचं घड्याळ मागं पडतं, कधी तर पार 1970 किंवा 2000 सालात जाऊन बसतं. मग रात्री दहाचा अलर्ट दुपारी वाजतो आणि रात्री शांत. एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ आपोआप जुळवणं) चालू करा, टाइमझोन भारताचा म्हणजे जीएमटी अधिक साडेपाच ठेवा, फ्रिगेट डॉकरवर (सॉफ्टवेअर वेगळ्या बंद खोक्यात चालवायची सोय) चालवत असाल तर त्या खोक्याला, म्हणजे कंटेनरलासुद्धा एशिया-कोलकाता टाइमझोन द्या. जुन्या कॉम्प्युटरवर चालवत असाल तर मदरबोर्डवरचा सीआर 2032 नाण्यासारखा सेल बदलून टाका, किरकोळ पैशात मोठी डोकेदुखी जाते.

रात्रीची पाखरं हा वेगळाच त्रास. कॅमेऱ्याचे स्वतःचे आयआर (अंधारात बघायचे इन्फ्रारेड) दिवे लागले की चिलटं लेन्सजवळ येतात, त्यांच्यामागं कोळी येतो, जाळं विणतो, आणि ते जाळं वाऱ्यानं हललं की रात्रभर मोशन. आम्ही काय केलं, कॅमेऱ्याचा आयआर बंद करून वेगळा आयआर लॅम्प चार-पाच फूट बाजूला लावला, पाखरं तिकडं गेली. आणि दर पंधरा दिवसांनी लांब काठीला कपडा बांधून कॅमेऱ्याचं तोंड पुसतो, पावसाळ्यात आठ दिवसाला.

मोशन आणि मास्क

मोशन मास्क म्हणजे या भागातलं हलणं मोजूच नको असं सांगणं. हा कशावर लावायचा? कोपऱ्यातल्या तारीख-वेळेच्या अक्षरांवर, मंदिराच्या झेंड्यावर, लिंबाच्या शेंड्यावर, आभाळावर. जमिनीवर लावू नका. लोकांची इथं हमखास गल्लत होते, त्यांना वाटतं रस्त्यावरचे अलर्ट नकोत म्हणून रस्ता मास्क करावा. मग रस्त्यावरून आत येणारा माणूस अर्धा आत आल्यावर कुठं दिसायला लागतो आणि एआयला त्याला धरायला वेळच मिळत नाही. रस्ता नको असेल तर त्यासाठी झोन आहे, मास्क नाही. आणि मास्क केलं म्हणजे तो भाग रेकॉर्ड होत नाही असंपण नाही, तो रेकॉर्ड होतोच. शेजाऱ्याचं अंगण किंवा न्हाणी कॅमेऱ्यात येत असेल तर खुद्द कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी मास्क लावून तो भाग काळाच करा, नाहीतर कॅमेराच वळवा. आमच्या आखाड्यावर कामाला बायामाणसं येतात, त्यांची बसायची-जेवायची जागा मी अशीच काळी केलीय, आणि कॅमेरा कुठं कुठं आहे हे सगळ्यांना तोंडानं सांगितलंय.

फ्रिगेटमध्ये मोशनचा थ्रेशोल्ड 30 आणि कंटूर एरिया 10 हे डिफॉल्ट असतात. थ्रेशोल्ड वाढवला की उजेडातला बारीक फरक सोडून दिला जातो, कंटूर एरिया वाढवला की बारीक वस्तू सोडल्या जातात. दिवसा बसवा, मग त्याच आकड्यांवर रात्र काढून बघा, आणि हात लावायचा तर एका वेळी एकाच आकड्याला लावा.

काय ओळखायचं, आणि एआयला आपली जनावरं ओळखू येत नाहीत ते

फुकट मिळणारी बहुतेक मॉडेल कोको नावाच्या चित्रसंग्रहावर शिकलेली असतात, त्यात 80 प्रकारच्या वस्तू आहेत. माणूस, सायकल, मोटरसायकल, कार, बस, ट्रक, कुत्रा, मांजर, गाय, मेंढी, घोडा, पक्षी हे सगळं आहे. शेळी नाही, म्हैस नाही, ट्रॅक्टर नाही, रोही (नीलगाय) नाही, रानडुक्कर नाही. मग हे प्राणी दिसले की ते मॉडेल जवळच्या खणात टाकतं, म्हैस गाय होते, शेळी मेंढी होते नाहीतर कुत्रा, रोही कधी घोडा कधी गाय, ट्रॅक्टर ट्रक होतो. फ्रिगेटमध्ये तर ट्रक आणि कारची गल्लत होते म्हणून ट्रकला मुळातच कार हे नाव दिलेलं असतं. म्हणजे रोही हरभऱ्यात आला तर कळावं असं वाटत असेल तर शेताच्या कॅमेऱ्यावर गाय आणि घोडा दोन्ही ट्रॅक करा आणि त्या झोनमध्ये रात्री स्वतःची जनावरं बांधू नका, मग जे मोठं जनावर दिसेल ते बाहेरचंच.

फ्रिगेट सुरुवातीला फक्त माणूस ट्रॅक करतं, बाकीचं तुम्ही वाढवायचं. वाढवताना हात आखडता ठेवा. मी गेटला माणूस, कार, मोटरसायकल ठेवलंय, विहिरीला फक्त माणूस, गोठ्याला माणूस आणि कुत्रा (वासरांसाठी), दुकानाला फक्त माणूस.

खात्रीचे आकडे दोन आहेत आणि दोघांचं काम वेगळं आहे. मिन स्कोअर, डिफॉल्ट 0.5, म्हणजे एका फ्रेममध्ये याच्यापेक्षा कमी खात्री असेल तर ती मोजणीतच घेऊ नको. थ्रेशोल्ड, डिफॉल्ट 0.7, म्हणजे ती वस्तू अनेक फ्रेममध्ये बघून तिच्या स्कोअरांचा मधला आकडा याच्या वर गेला तरच तिला खरी मान. खोट्या अलर्टवर थ्रेशोल्ड वाढवायचा, 0.75, 0.78 असा हळूहळू. आमच्या गेटवर एक जुना दगडी खांब आहे, चांदण्यात त्याला एआय माणूस म्हणायचं, स्कोअर 0.71-0.72 यायचा, तर तेवढ्यासाठी सगळ्या कॅमेऱ्याचा थ्रेशोल्ड न वाढवता फक्त त्या जागेवर माणसासाठी ऑब्जेक्ट मास्क टाकला. हा मोशन मास्कपेक्षा वेगळा असतो, तो सांगतो की या ठिपक्यावर पाय टेकलेला माणूस असूच शकत नाही.

आकाराची चाळणीपण लावा. मिन एरिया म्हणजे कमीत कमी किती पिक्सेलचा चौकोन. लेन्ससमोरून उडणारं पाखरू कधी कधी माणूस ठरतं, पण त्याचा चौकोन एकतर खूप बारका नाहीतर आडवा असतो, तो असा गळून जातो. फक्त लक्षात ठेवा की लांबचा माणूस पण बारकाच दिसतो, म्हणून विहिरीच्या कॅमेऱ्यावर मी मिन एरिया लावलेला नाही.

झोन, इथं जास्तीत जास्त वेळ द्या

झोन म्हणजे चित्रावर आखलेला तुकडा. फ्रिगेट वस्तूच्या चौकोनाच्या खालच्या कडेचा मधला बिंदू बघतं, म्हणजे माणसाचे पाय. तो बिंदू झोनमध्ये असेल तर माणूस झोनमध्ये. त्यामुळं झोन कायम जमिनीवर आखायचा, हवेत नाही, दारावर नाही, दारासमोरच्या फरशीवर. आणि समोर बांध किंवा भिंत असेल, कमरेखालचा माणूस झाकला जात असेल तर चौकोनाची खालची कड भिंतीच्या वरच्या काठाशी येते, म्हणून तिथं झोन भिंतीच्या काठापर्यंत ओढून घ्यायचा. हे कळेपर्यंत माझा विहिरीचा झोन अर्धा आंधळा होता, गुडघ्याएवढं गवत होतं तिथं.

गेटच्या कॅमेऱ्याला मी दोन झोन केले. एक बाहेरचा रस्ता, ज्यावर कसलाच अलर्ट नाही. दुसरा गेटच्या आतला, फाटकापासून आखाड्यापर्यंत. अलर्टच्या सेटिंगमध्ये रिक्वायर्ड झोन म्हणून फक्त आतला दिला. त्या एका ओळीनं दिवसाचे शंभर-सव्वाशे अलर्ट आठ-दहावर आले, खरं सांगतो, बाकी कुठल्या सेटिंगनं इतका फरक पडला नाही.

स्टार्टरच्या पेटीभोवती आणि डीपीकडं (ट्रान्सफॉर्मरकडं) जाणाऱ्या वाटेवर वेगळे झोन आहेत आणि त्यांना थांबण्याची वेळ दिलीय, लॉयटरिंग टाइम म्हणतात तिला. वाटेवर 20 सेकंद. नुसता जाणारा माणूस तेवढ्यात पार होतो, थांबणारा, वाकणारा, इकडं तिकडं बघणारा अडकतो. स्टार्टरला मात्र शून्य ठेवलीय, तिथं परक्याचं जायचंच काही काम नाही.

फ्रिगेट घटनांचे दोन ढीग करतं, अलर्ट आणि डिटेक्शन. डिफॉल्टला माणूस आणि कार अलर्टमध्ये जातात, बाकी डिटेक्शनमध्ये. ढीग वेगळे ठेवा, फोनवर फक्त अलर्टचा ढीग, आणि डिटेक्शनचा संध्याकाळी चहा घेताना एकदा बघायचा.

आता वेळापत्रक

वेळेचं काम मी होम असिस्टंटकडं दिलंय. फ्रिगेट प्रत्येक घटना एमक्यूटीटीवर (उपकरणांनी एकमेकांना मेसेज द्यायची पद्धत) टाकतं, होम असिस्टंट ती ऐकतं आणि वेळ, दिवस, आम्ही कुठं आहोत हे बघून ठरवतं. ऐकायला रिव्ह्यूचा टॉपिक (एका वेळच्या सगळ्या हालचालींची मिळून एक घटना देणारा) घ्या, प्रत्येक वस्तूच्या इव्हेंटचा नाही, म्हणजे दोन माणसं आणि एक गाडी आली तर तीन मेसेज न येता एकच येतो. एक खाच आहे, घटना कधी कधी डिटेक्शन म्हणून सुरू होते आणि माणूस झोनमध्ये शिरल्यावर अलर्ट होते, म्हणून फक्त "नवीन" प्रकारचा मेसेज ऐकलात तर ती सुटेल, "अपडेट" पण ऐका आणि ती डिटेक्शनची अलर्ट झालीय का तेवढं तपासा.

घड्याळाच्या वेळा आणि सूर्याच्या वेळा यात गल्लत करू नका. आपल्याकडं डिसेंबरात पावणेसहाच्या आसपास दिवस मावळतो आणि जूनमध्ये सातच्या पुढं जातो, म्हणजे सव्वा तासाचा फरक. "संध्याकाळी सातपासून" असं लिहून ठेवलंत तर थंडीत तासाभराहून जास्त अंधार उघडा राहतो. शेताला सूर्य धरा, दुकानाला घड्याळ. होम असिस्टंटमध्ये सूर्य क्षितिजाखाली आहे का अशी अवस्थाच मिळते, ती वापरा, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी असं जोडून लिहायला गेलं की मध्यरात्रीला गोंधळ होतो.

मध्यरात्र हीच सगळ्यात फसवी जागा आहे. वेळेची अट रात्री दहा ते पहाटे पाच अशी लिहिली तर होम असिस्टंटला ती बारा ओलांडून जाते हे कळतं. पण त्याच्यासोबत वार लावला की बघा, शनिवारची रात्र बारानंतर रविवार होते, आणि तुम्ही फक्त शनिवारला टिक केलेलं असेल तर बारा ते पाच अलर्ट बंद. आमच्या दुकानाला आठवडी सुट्टीच्या रात्रीचा कडक नियम लावला होता तो असाच निम्मा चालत होता, महिन्यानं लक्षात आलं. तयार एनव्हीआरवर जो आठवड्याचा चौकटींचा तक्ता असतो तिथंपण तसंच, रात्र म्हणजे त्या वारावर दहा ते चोवीस आणि पुढच्या वारावर शून्य ते पाच, दोन्ही रंगवावं लागतं.

माझं शेताचं वेळापत्रक सांगतो. दिवस मावळल्यावर रात्री दहापर्यंत गेटच्या आत माणूस आला तर साधा मेसेज, फोटोसकट, भावाला आणि मला. दहा ते पहाटे पाच तोच ट्रिगर फोन वाजवतो, त्यासाठी ॲपमध्ये वेगळं नोटिफिकेशन चॅनल केलंय आणि अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये त्याला डू नॉट डिस्टर्ब ओलांडायची परवानगी दिलीय. स्टार्टरच्या झोनमध्ये रात्री माणूस दिसला की फोन वाजतोच, वर आखाड्यावरचा हॅलोजनपण लागतो. पाच ते सात पुन्हा साधा मेसेज, दूधवाला आणि गडी यायची वेळ. दिवसा काही नाही.

पण रात्रपाळीचं काय? लाईट रात्रीची असली की आम्हीच पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला बॅटरी घेऊन वावरात फिरतो आणि आपल्याच फिरण्यानं घरातले सगळे फोन वाजतात. दोन रात्री असं झालं की माणूस अलर्ट बंद करून टाकतो आणि परत चालू करायचं विसरतो. म्हणून "आज रात्री पाणी" नावाचा एक टॉगल (चालू-बंद बटण) केलाय, तो चालू असला की विहीर आणि वाटेचे अलर्ट गप्प, गेट आणि गोठ्याचे मात्र चालू, आणि सकाळी सहाला तो टॉगल आपोआप बंद होतो. आपोआप परत जाणं फार महत्त्वाचं आहे. कुठलीही सूट देताना तिची संपायची वेळ तिथंच लिहा, मग ती लग्नाची पंगत असो नाहीतर मळणीयंत्र रात्री चालणार असो.

आखाड्याच्या वायफायला भावाचा किंवा माझा फोन जोडलेला असेल तर साधे मेसेज बंद हेपण केलंय. पण झोपेतून उठवणारे अलर्ट मी फोनच्या हजेरीवर कधीच बंद करत नाही, कारण फोन आखाड्यावर चार्जिंगला आणि आपण गावात, असं कितीदा तरी होतं.

दुकानाचं सोपं आहे. सकाळी नऊ ते रात्री आठ अलर्ट नाही, त्यानंतर शटरसमोर 15 सेकंद थांबलेला माणूस, आणि आत कुणीही दिसलं तर लगेच. फक्त लक्ष्मीपूजनाला दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं असतं, पेरणीच्या दिवसांत बियाण्याची गाडी रात्री अकराला उतरते, अशा दिवसांसाठी होम असिस्टंटमध्ये लोकल कॅलेंडर आहे, त्यात दिवस टाकून ठेवतो आणि ऑटोमेशनच्या (आपोआप चालणाऱ्या नियमाच्या) अटीत ते कॅलेंडर बघायला सांगितलंय.

मेसेजची रांग लागू नये म्हणून

एक माणूस गेटात उभा राहून पंधरा मिनिटं गप्पा मारत असला तर पंधरा मेसेज नकोत. ऑटोमेशन सिंगल मोडला ठेवायचं आणि शेवटी पाच मिनिटांचा डिले टाकायचा, तेवढ्या वेळात आलेले नवे ट्रिगर सोडून दिले जातात. पण हे प्रत्येक झोनला वेगळं ऑटोमेशन करून करा. मी आधी सगळ्या कॅमेऱ्यांना मिळून एकच केलं होतं, म्हणजे गेटवर कुणी येऊन गेलं की पुढची पाच मिनिटं विहीर मुकी. ठरवून चोरी करणाऱ्याला याहून सोयीचं काय पाहिजे.

मेसेजमध्ये फोटो, कॅमेऱ्याचं नाव मराठीत, आणि वेळ. "विहीर, स्टार्टरजवळ माणूस, 2:17." अर्धवट झोपेत वाचून कळलं पाहिजे. आणि कोणी उठायचं ते आधीच ठरवून ठेवा. आमच्यात भाऊ आखाड्याजवळ राहतो म्हणून पहिला फोन त्याचा, त्यानं तीन मिनिटांत मेसेजवरचं "बघितलं" बटण दाबलं नाही तर माझा वाजतो. एकट्यानं बॅटरी घेऊन पळत जायचं नाही हेपण ठरलंय, आधी हॅलोजन लावायचा, शेजारच्या आखाड्यावरच्या काकांना फोन करायचा, 112 ला लावायचा, मग बाहेर पडायचं. केबल परत घेता येते.

कॅमेरा बंद पडला, हाच एक ट्रिगर

हा जवळपास कुणीच लावत नाही. कॅमेऱ्याची फ्रेम येणं थांबलं की दोन मिनिटांनी अलर्ट. फरक असा करा: चारपैकी एकच कॅमेरा गेला आणि बाकीचे चालू आहेत तर कुणीतरी वायर कापलीय, तोंड फिरवलंय किंवा कनेक्टरमध्ये पाणी गेलंय, रात्री असेल तर झोपेतून उठवा. सगळे एकदम गेले तर बहुतेक लाईट नाहीतर नेट. पण सगळंच गेलं तर सांगणार कोण, आखाड्यावरचा कॉम्प्युटर तर स्वतःच बंद. म्हणून गावातल्या दुकानातल्या मशीनवरून शेताच्या मशीनला दर मिनिटाला हाक मारली जाते, तीन मिनिटं उत्तर नाही आलं की दुकानातली मशीन मेसेज टाकते. राउटर, स्विच आणि कॉम्प्युटर तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या, नुसते कॅमेरे घेऊन उपयोग नाही.

तयार एनव्हीआर असेल तर

हिकव्हिजन, दाहुआ, सीपी प्लस यांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये माणूस आणि गाडी ओळखणं आत असतं. तिथं साधं मोशनचं नोटिफिकेशन पूर्ण बंद करा, इंट्रूजन (आखलेल्या भागात शिरणं) किंवा लाइन क्रॉसिंग (आखलेली रेषा ओलांडणं) चालू करा, टार्गेटमध्ये फक्त ह्युमन ठेवा, भाग जमिनीवर आखा, कमीत कमी आकार देता येत असेल तर द्या, आणि मग आर्मिंग शेड्यूलचा (अलर्ट कधी चालू ते ठरवणारा) तक्ता रंगवा. मोकळ्या वावरात मला लाइन क्रॉसिंगपेक्षा इंट्रूजन बरं वाटतं, कारण रेषेवरून माणूस झटकन गेला आणि तेवढ्या क्षणाला ओळखला गेला नाही तर संपलं, भागात मात्र तो काही सेकंद तरी असतोच. रेषा अरुंद फाटकाला ठीक.

रेकॉर्डिंगची जागा

हिशोब सोपा आहे. 2 एमबीपीएसचा (सेकंदाला 2 मेगाबिट पाठवणारा) एक कॅमेरा दिवसाला साधारण 21.6 जीबी खातो, चार कॅमेरे 86 जीबी, म्हणजे 1 टीबीच्या डिस्कवर अकरा-बारा दिवस. मी सगळं रेकॉर्डिंग 5 दिवस, हालचाल असलेलं 10 दिवस आणि अलर्टचं 30 दिवस ठेवतो, त्यासाठी 1 टीबी जेमतेम पुरते, म्हणून 2 टीबी घ्या आणि सीसीटीव्हीसाठीची घ्या.

चालून बघा, मग आठ दिवस मोजा

सगळं बसवलं की स्वतः चोर होऊन चाला. दिवसा एकदा, रात्री बारानंतर एकदा. सरळ चाला, बांधाच्या कडेनं वाकून चाला, घोंगडी पांघरून चाला, दिवा बंद करून मोटरसायकल ढकलत आणा. मी घोंगडी पांघरून गेलो तर गेटच्या कॅमेऱ्यानं ओळखलं, विहिरीच्यानं नाही, मग तिथला थ्रेशोल्ड 0.7 वरून 0.65 केला आणि झोन लहान केला. म्हणजे जागा आवळली आणि नजर ढिली केली. लांबच्या कॅमेऱ्याला हेच जमतं.

मग आठ दिवस रोज सकाळी रात्रीचे अलर्ट बघून वहीत लिहा, खरे किती, खोटे किती, खोटे असतील तर कशामुळं. एका दिवशी एकच दुरुस्ती करा, पाच केल्या तर कशानं सुधारलं ते कळत नाही. माझ्याकडं पहिल्या आठवड्यात रात्रीला नऊ-दहा यायचे, चौथ्या आठवड्यात आठवड्याला दोन-तीन, आणि आता फोन वाजला की मी आणि भाऊ दोघं खरंच उठतो.

वर्षातनं तीनदा मात्र झोन पुन्हा बघायला लागतात. मृगाच्या आधी, कारण वळवाच्या वाऱ्यानं कॅमेरे हललेले असतात आणि आखलेला झोन चित्रात दुसरीकडंच बसतो. दसऱ्याच्या आसपास, तवा तूर डोक्याएवढी झालेली असते आणि वाटेवरचा माणूस निम्मा झाकतो. आणि सोयाबीनची गंज लागली की त्याच दिवशी, कारण ती गंज ज्या जागेवर लागते तिच्यामागं काय दिसत नाही ते शिडीवर चढून, कॅमेऱ्याच्या नजरेनं बघूनच कळतं. यंदा गंज आम्ही चार हात डावीकडं सरकवून लावली, विहीर दिसावी म्हणून.